चुलीतला कोळसा बघायला घेतलेला यूएसबी मायक्रोस्कोप, चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, नाणी, मोबाईलची सर्किटं किंवा मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी मायक्रोस्कोप शोधत असाल तर या रिव्ह्यूचा तुम्हाला अर्धाच उपयोग होईल. मी तो घेतला कोळसा बघायला. आमच्या माहेरच्या, गुहागर तालुक्यातल्या घरच्या चुलीतला कोळसा. ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे झाडाच्या खोडाचा आडवा छेद वगैरे रोजचंच, पण जळून काळं झालेल्या लाकडातही तो छेद जसाच्या तसा शिल्लक राहतो आणि त्यावरून हजारो वर्षांपूर्वी माणसं कुठली लाकडं जाळत होती, आजूबाजूला कसलं रान होतं हे काढता येतं, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. या शास्त्राला अँथ्राकॉलॉजी म्हणतात. मराठीत मी आपलं कोळसाशास्त्र म्हणते.

वस्तू म्हणजे जाड मार्करपेनाएवढी नळी, पुढच्या टोकाला गोलाकार आठ एलईडी, मध्ये फोकसची चकती, एक छोटा स्टँड आणि लॅपटॉपला जोडायची वायर. ऑनलाइन साधारण दीड हजाराला पडला. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच साचा, हाच रंग, हेच खोकं पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे आणि आतला माल सारखाच दिसतो.

आता मुद्द्याचं. कॉलेजच्या लॅबमधला मायक्रोस्कोप असताना हा कशाला घेतला? तर लॅबमधल्या मायक्रोस्कोपला उजेड खालून येतो, काचपट्टीवरच्या पातळ कापातून आरपार जाऊन डोळ्यापर्यंत पोचतो. कोळशातून उजेड आरपार जात नाही, खालून कितीही दिवा लावा वर नुसता काळा ठिपका. पूर्वी संशोधक कोळसा राळेत बसवून त्याचे पातळ काप घासून काढायचे, एका तुकड्याला कितीतरी वेळ जायचा आणि तुकडाही हातचा जायचा. मग फ्रान्समध्ये माँपेलिएला जाँ-लुई व्हेर्ने आणि त्यांच्या पुढच्या मंडळींनी वरून उजेड पडणारा, धातू तपासायला वापरतात तसला मायक्रोस्कोप कोळशावर वापरायची पद्धत रुळवली, कोळसा नुसता बोटाने मोडायचा आणि ताजा मोडलेला पृष्ठभाग बघायचा, बस. त्याने एका दिवसात कितीतरी तुकडे बघून व्हायला लागले आणि हे शास्त्र खरं तिथून वाढलं. तसला खरा मायक्रोस्कोप माझ्या ऐपतीत नाही. पण या दीड हजाराच्या नळीत उजेड वरूनच पडतो! माझ्या कामाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच होती आणि ती यात आहे, म्हणून बाकीच्या तक्रारी असूनही मी याला चांगलं म्हणणार.

तक्रारी सांगून टाकते. खोक्यावर १६००एक्स लिहिलंय, ते खरं नाही. मी प्लास्टिकची मोजपट्टी खाली धरून बघितलं, सगळ्यात जवळ नेल्यावर स्क्रीनच्या रुंदीत जेमतेम दोन मिलिमीटर मावतात, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर फार तर पावणेदोनशे पट मोठं दिसतं, पुढे झूम केलं की नुसतं धूसर. स्टँड अगदीच डुगडुगतो, पडवीत कोणी चाललं तरी चित्र हलतं, आणि माझ्या स्टँडची मान पंधरा दिवसांत तुटली तेव्हा विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर आलं नाही, शेवटी भावाने सायकलच्या जुन्या क्लॅम्पला नळी बसवून दिली आणि आता तोच स्टँड कंपनीच्या स्टँडपेक्षा भक्कम आहे. तिसरं म्हणजे एलईडीची चमक. कोळशाचा मोडलेला पृष्ठभाग चकाकतो, सगळे दिवे फुल केले की पांढरे डाग पडतात. वायरवरची चकती फिरवून उजेड अगदी मंद ठेवायचा आणि नळीच्या तोंडाला ट्रेसिंग पेपरची चकती लावायची, मग पेशींच्या भिंती स्वच्छ उठून दिसतात.

तुकडा कसा धरायचा हाही प्रश्न असतो. बाटलीच्या झाकणात समुद्रावरची बारीक वाळू भरायची आणि त्यात तुकडा रोवायचा, हवा तसा कलता करता येतो. मोठ्या लॅबमध्येही वाळूच वापरतात हे नंतर वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. तुकडा तीन दिशांनी मोडावा लागतो, एक आडवा, एक मध्यापासून सालीकडे त्रिज्येत, एक त्याला काटकोनात सालीला समांतर. आडव्यासाठी बोटं पुरतात, उभ्या दोन्हीसाठी दाढीचं पातं टेकवून हलका दाब द्यायचा, कापायचं नाही, कापलं की पेशी चिरडून काळी भुकटी होते. मुलांच्या हातात पातं देऊ नका.

पहिला तुकडा मी बघितला तो ऐनाचा. न्हाणीच्या चुलीतला, आईने स्वतः घातलेलं लाकूड, त्यामुळे झाड माहीत होतं. स्क्रीनवर आधी काहीच कळेना, मग फोकस बसला आणि एकदम ती मोठी गोल भोकं, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या, आणि प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी पसरलेली मऊ पेशींची किनार, काही ठिकाणी एका भोकाचा पंख दुसऱ्याच्या पंखाला जाऊन मिळालेला. पुस्तकात पंखाकार म्हणून आकृती असते ती शंभर वेळा फळ्यावर काढली असेल मी, पण आपल्याच घरच्या चुलीतल्या कोळशात ती बघताना डोळ्यात पाणी आलं. लाकूड जळताना हवा कमी पडली की ते पूर्ण राख न होता त्याचा कोळसा होतो, आकसतं, पण पेशींची मांडणी तशीच राहते. आणि कोळसा कुजत नाही, कारण बुरशीला-जिवाणूंना त्यात खायला फारसं काही उरलेलं नसतं. आपल्या जांभ्याच्या आंबट मातीत हाडं विरघळून जातात, कोळसा मात्र टिकतो. कोकणात जुन्या माणसाच्या चुली शोधायच्या तर याच्याइतका भरवशाचा साक्षीदार मिळणं कठीण.

मग मी चार महिने तेच केलं. रोज संध्याकाळी तुकडे.

कुठली झाडं या मायक्रोस्कोपने ओळखता येतात ते लिहिते, कोकणातल्यांना उपयोगी पडेल. साग सोपा, वर्षाच्या सुरुवातीची मोठी भोकं एका रांगेत कड्यासारखी येतात. सुरू सोपा, भोकं एकेकटी आणि तिरप्या रांगांत. बांबू आणि माड तर लगेच, कारण त्यांच्यात कडी नाहीत, वाहिन्यांच्या जुड्या सगळीकडे विखुरलेल्या. तिवर, म्हणजे खाडीतलं कांदळवनाचं झाड, सगळ्यात मजेशीर, त्याच्या लाकडात अन्नरस नेणाऱ्या पेशींचे पट्टे आतच अडकून राहतात, आडव्या छेदात एकाआड एक पट्ट्या दिसतात, दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. ऐन आणि किंजळ मात्र एकाच कुळीतले सख्खे, टर्मिनॅलिया, मला ते वेगळे काढता आले नाहीत आणि मी आता वहीत नुसतं टर्मिनॅलिया लिहिते. खैर आणि ते सामाजिक वनीकरणात लावलेलं ऑस्ट्रेलियातलं आकेशिया, यातही मी अडकले. पक्कं ओळखायला वाहिन्यांच्या भिंतीवरचे बारीक खळगे बघावे लागतात, त्याला चारशे-पाचशे पट लागते, ती या नळीत नाही. त्यामुळे याच्या जिवावर कोणी जातीचं नाव ठोकून सांगू नये. ताडून बघायला नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीची इनसाइडवुड नावाची साइट फुकट आहे, त्यात लाकडाच्या छेदांचे हजारो फोटो आहेत आणि लाकूड ओळखायच्या, १९८९ साली ठरलेल्या १६३ लक्षणांच्या यादीप्रमाणे शोधता येतं. नेट बरं असेल तर रात्र कशी जाते कळत नाही.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते सांगते. आमच्याकडे न्हाणीच्या मागे, माडाच्या आळ्याच्या बाजूला राखेचा खड्डा आहे. चुलीतली राख रोज तिथे पडते, वरवरची राख भांड्यांना, माडांना जाते, तळाची तशीच राहते. मी विचार केला की चुलीतले तुकडे तर बघितले, आता खड्डा बघू. चाळणीने राख चाळली, उरलेलं बादलीत पाण्यात सोडलं, कोळसा हलका म्हणून तरंगतो आणि खडे-माती खाली बसते, उत्खननावर असंच करतात. सावलीत वाळवायचा, उन्हात ठेवला तर तडकतो. आई ओसरीवरून बघत होती, म्हणाली, "अगो, राखेत काय हरवलं तुझं?" मी म्हटलं, आई, तू आणि आजीने काय काय जाळलं ते बघतेय. ती म्हणाली, "मग मला विचार की, राखेला कशाला विचारतेस."

चुलीतला त्या आठवड्याचा कोळसा म्हणजे सगळा आंबा आणि करवंट्या, कारण पावसात परड्यातली रायवळची फांदी पडली होती तीच जळत होती. खड्ड्यात मात्र टर्मिनॅलिया सगळ्यात जास्त, मग आंबा, काजू, बांबू, सुरूचे तुकडे, करवंट्या भरपूर आणि काही मला अजूनही न ओळखलेले. म्हणजे चूल सांगते शेवटच्या जाळाचं, खड्डा सांगतो वर्षानुवर्षांचं. फ्रान्सच्या कोळसा-अभ्यासक ल्युसी शाबाल यांनी नेमकं हेच मांडलंय, की एका चुलीत सापडलेल्या कोळशावरून जंगल सांगायला जाऊ नका, वस्तीभर विखुरलेला, खूप दिवसांचा साठलेला कोळसा घ्या, आणि एका थरातले साधारण २५० ते ४०० तुकडे बघा, नवीन झाडं निघायची थांबेपर्यंत. मी हे वाचलं होतं पण पटलं ते माहेरच्या खड्ड्याने.

खड्ड्याच्या तळाशी मला तिवर मिळाली. त्या पट्ट्या बघून मी उठूनच बसले. आईला विचारलं तर ती म्हणाली आमच्याकडे तिवर नाही जाळत, खाडीवरची लाकडं कोण आणतंय. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, अगो हो, तुझे आजोबा होते तेव्हा आगोटीला, पावसाच्या तोंडावर, होडीतून तिवरीची फाटी यायची, पावसाच्या बेगमीची. मग ती बंद झाली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला बंदी घातली आणि आमच्या खाडीवर तर त्यानंतर कोणी हातच लावला नाही. वरच्या थरात तिवरीचा एक तुकडा नाही. आता समजा हजार वर्षांनी कोणी हा खड्डा उकरला आणि म्हणाला की इथली तिवर त्या काळात संपली, तर ते किती चुकीचं होईल! आज आमच्या खाडीत तिवर आहे, चांगली दाट आहे. संपली ती तिवर नाही, ती तोडणारा कोयता थांबला.

तसंच टर्मिनॅलियाचं. वर वर येताना ऐन-किंजळ कमी होतो आणि करवंट्या वाढतात. ऐन संपले का? नाही, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, उतारावर अजून उभे आहेत. झालं काय, घरात गॅस आला, स्वयंपाकाची चूल विझली, राहिली फक्त न्हाणीची, आणि अंघोळीच्या पाण्याला आई कुठे डोंगरात जाणार, बहुतेक परड्यात पडलेलं तेच घालते. सोडणं म्हणजे नारळाची वरची सालं, झावळ्या, पोया, करवंट्या. त्यातली सोडणं आणि झावळ्या तर जळून भुरभुरीत राख होतात, कोळसा मागे ठेवतच नाहीत, म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त पाणी तापलं त्याचा पुरावाच नाही.

हाच वाद संशोधकांत फार जुना आहे. इंग्लंडात मेडन कॅसल नावाच्या टेकडीवरच्या कोळशावरून सॅलिसबरी आणि जेन यांनी १९४० मध्ये त्या काळची वनश्री आणि हवामान मांडलं, त्यांचं म्हणणं असं की माणसं हाताला येईल ते जाळतात म्हणून कोळसा म्हणजे जंगलाचा नमुनाच. लगेच पुढच्या वर्षी गॉडविन आणि टॅन्सली यांनी लिहिलं की नाही, माणूस निवडतो. पुढे १९९२ मध्ये शॅकलटन आणि प्रिन्स यांनी कमीत कमी कष्टाचं तत्त्व तपासून बघितलं, की लाकूड मुबलक असतं तेव्हा माणूस निवड करतो आणि टंचाई आली की मिळेल ते आणतो. मला वाटतं दोन्ही बाजूंच्या मंडळींनी आमच्या आईशी तासभर बोलायला हवं होतं. ती म्हणते ऐनाचा निखारा टिकतो, भाकरीला तोच. आंबा धूर करतो पण ओला नसेल तर चालतो. पांगारा आणि सावर म्हणजे कागद, जाळ दिसतो पण आच नाही. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायचा नाही. आणि देवरहाटीतली, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानातली, काटकीसुद्धा उचलायची नाही, वादळाने पडलेली असली तरी. म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात दाट रान जे देवरहाटीत उभं आहे त्यातलं एक झाड आमच्या खड्ड्यात कधी आलं नाही! श्रद्धा अशी कोळशात न सापडलेल्या झाडांवरून ओळखावी लागते, आणि न सापडलेल्याची मोजणी कशी करणार. चार महिने मी रात्री झोपताना याचाच विचार करतेय.

आणि काही झाडं तर तारीखच सांगतात. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून सोळाव्या शतकात आणला, म्हणजे कोकणात ज्या थरात काजूचा कोळसा तो थर त्याच्या आधीचा असूच शकत नाही. गिरिपुष्प, आकेशिया तर कालपरवाचे. कार्बन डेटिंगला कोळसा पाठवतात तेव्हाही आधी झाड ओळखून घेतात, कारण तीनशे वर्षांच्या झाडाचा गाभा तपासला तर उत्तर चुलीचं न येता गाभ्याचं येतं, बारीक डहाळी किंवा करवंटी असेल तर चुलीच्या दिवसाच्या जवळचं येतं.

आपल्याकडे हे काम नवीन नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत के. ए. चौधरी यांनी हडप्प्याची लाकडं ओळखली होती. दख्खनच्या दक्षिणेकडच्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या कोळशावर एलेनी असूती आणि डोरियन फुलर यांनी मोठं काम केलंय. कोकणासाठी मात्र मला फार काही हाती लागलं नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा तो प्रचंड हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, लोक लांबून बघायला येतात. ती कोरणारी माणसं रात्री कशावर शेकत होती? सडा तेव्हाही असाच उघडा होता की उतारावरचं रान वरपर्यंत चढलेलं होतं? उघड्या कातळावर माती नाही म्हणून तिथे कोळसा मिळणं कठीण, पण गुहा आहेत, खाडीकाठच्या जुन्या वस्त्या आहेत. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती जेसीबीने उचलून भरावाला टाकतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, त्यात कोणाच्या तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुली जातात. आणि शेतात कोळसा दिसला म्हणून लगेच जुनी वस्ती समजू नका, दरवर्षी भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, फांद्या-पाल्याचा कवळ जाळतात त्याचाही कोळसा मातीत असतो. बारीक डहाळ्यांचा असेल तर बहुतेक तोच.

तर मायक्रोस्कोप घ्यावा का. झाडांची आवड असेल, घरी किंवा गावाला चूल असेल आणि धीर असेल तर जरूर घ्या, पैसे वसूल. स्टँडचे पैसे वाया गेले असं आधीच धरून चाला. ५०० पट बघायचंय त्याने यात पडू नये. फोनला जोडायचा म्हणत असाल तर माझ्या फोनवर तो चालू-बंद होत राहतो, लॅपटॉपच बरा. पाचपैकी साडेतीन देते, उजेड खालून असता तर शून्य दिला असता.

अजून एक करून बघा, याला खर्च नाही. ओळखीच्या झाडाची अंगठ्याएवढी काठी घ्या, पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबा चुलीत तासभर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की काढा, पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, गरम उघडला तर हवा लागून पेट घेतो. झाला तुमचा नमुना. प्रत्येकावर गावातलं नाव, शास्त्रीय नाव, तारीख. माझ्याकडे आता एकोणीस झालेत, जुन्या कॅडबरीच्या बरण्यांत ठेवलेत, चिठ्ठ्या आईने लिहिल्या. परवा भाऊकाका डोंगरातून येताना हेळ्याची आणि आसाण्याची काठी घेऊन आले, वर म्हणाले कुड्याची पण आणून देतो, फक्त पाऊस जाऊदे.